दुसऱ्या सोनोग्राफीचं महत्त्व

जन्मलेल्या बाळाच्या पोटात एक अवयव असा असतो, जो त्याच्या देहाच्या मानाने चांगलाच मोठा असतो आणि पहिल्या काही आठवड्यांतच निम्म्यावर येतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी. मोठ्या माणसात ती मूत्रपिंडाच्या साधारण तेराव्या हिश्शाएवढी असते. नवजात बाळात ती तिसऱ्या हिश्शाएवढी भरते. गर्भात असताना या ग्रंथीच्या बाहेरच्या थराचा जवळजवळ 80 टक्के भाग वेगळ्याच कामाला जुंपलेला असतो. तिथे तयार होणारी संप्रेरकं वारेकडे जातात आणि वार त्यांच्यापासून इस्ट्रोजेन बनवते. बाळ जन्मलं, वार पडली, की या भागाचं काम संपतं आणि तो झपाट्याने आटू लागतो.

मोठी, रक्ताने भरलेली आणि आटण्याच्या बेतात असलेली ही ग्रंथी नेमकी बाळंतपणाच्या धकाधकीत सापडते. म्हणूनच नवजात बाळाच्या पोटात रक्तस्राव झाला, तर अ‍ॅड्रिनलचा विचार आधी करावा लागतो. हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन बाळांत असा रक्तस्राव होतो, असा आकडा वैद्यकीय ग्रंथांत दिला जातो. प्रत्यक्षात तो जास्तही असेल, कारण पुष्कळ बाळांना काही त्रासच होत नाही आणि कोणी तपासायलाही जात नाही.

येणाऱ्या वाटा अनेक, जाणारी एक

या ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तीन ठिकाणांहून येतात: श्वासपटलाच्या धमनीकडून, महाधमनीकडून आणि मूत्रपिंडाच्या धमनीकडून. ग्रंथीत शिरताना त्यांच्या पन्नास-साठ बारीक शाखा होतात. परतीचं रक्त मात्र मुख्यतः एकाच शिरेतून बाहेर पडतं. त्या शिरेवर दाब आला की मागे रक्त तुंबतं आणि ग्रंथीतल्या नाजूक केशवाहिन्या फुटतात.

हा दाब वाढण्याची कारणं बाळंतपणातच असतात. बाळ चार किलोच्या वर असेल, आईला मधुमेह असेल, डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला असेल, तर पोटावर जोर येतो. बाळ जन्मताना गुदमरलं तर आणखी एक गोष्ट घडते. ऑक्सिजन कमी पडला की शरीर हातापायांचं आणि आतड्यांचं रक्त काढून मेंदू, हृदय आणि अ‍ॅड्रिनल यांच्याकडे वळवतं. संकटात तगून राहण्याची ही तजवीज असते, पण आधीच भरलेल्या ग्रंथीत त्यामुळे आणखी रक्त येऊन साठतं. जंतुसंसर्ग आणि रक्त न गोठण्याचे आजार ही रक्तस्रावाची पुढची कारणं.

उजव्या बाजूला रक्तस्राव होण्याचं प्रमाण डाव्या बाजूपेक्षा बरंच जास्त आहे. सुमारे 70 टक्के रक्तस्राव उजवीकडे होतात. याचं उत्तर शरीररचनेत आहे. उजवी ग्रंथी यकृत आणि पाठीचा कणा यांच्या मध्ये चेपली जाते. शिवाय तिची शीर अगदी आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते. महाशिरेतला दाब वाढला की तो जसाच्या तसा ग्रंथीत पोचतो. डावीकडची शीर आधी मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, त्यामुळे तिथे धक्का थोडा सौम्य होतो. दोन्ही बाजूंना रक्तस्राव झालेली बाळं शंभरात पाच ते दहा.

पिवळेपणाचा हिशेब

रक्तस्राव झाला तरी रक्त बाहेर कुठेच दिसत नाही. ते ग्रंथीतच साठतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण 250 मिलिलिटर. अ‍ॅड्रिनलमध्ये चार सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे लिंबाएवढी गुठळी झाली तर तिचं आकारमान 33 मिलिलिटर भरतं. बाळाच्या एकूण रक्ताचा हा आठवा हिस्सा झाला. अशा बाळाचं हिमोग्लोबिन दोन-तीन दिवसांत उतरतं, बाळ फिकट दिसू लागतं आणि उजव्या बरगडीखाली हाताला काहीतरी घट्ट लागतं.

पण बहुतेक वेळा डॉक्टरांचं लक्ष वेधून घेते ती कावीळ. साठलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनचं विघटन होतं आणि त्यातून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे 35 मिलिग्रॅम बिलिरुबिन होतं. समजा, फक्त 20 मिलिलिटर रक्त साठलं आहे. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन दर 100 मिलिलिटरला 17 ग्रॅमच्या आसपास धरलं, तर त्यात 3.4 ग्रॅम हिमोग्लोबिन आलं आणि त्याचं बिलिरुबिन झालं जवळपास 119 मिलिग्रॅम. तीन किलोचं निरोगी बाळ दिवसाला वीस-पंचवीस मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार करतं. म्हणजे पाचेक दिवसांचं जादा बिलिरुबिन एकट्या या गुठळीतून आलं, आणि ते निपटायचं काम आलं अजून पुरतं तयार न झालेल्या यकृतावर. म्हणूनच अशा बाळांची कावीळ निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यावर उतरते आणि प्रकाश बंद केला की ती पुन्हा पिवळी होतात. आई आणि बाळ यांच्या रक्तगटाचा मेळ बसतो आहे, कूम्ब्स तपासणी निगेटिव्ह आहे, तरी कावीळ हटत नाही, अशा वेळी जाणकार बालरोगतज्ज्ञ पोटाची सोनोग्राफी सांगतात.

मुलग्यांत आणखी एक खूण कधी कधी दिसते. अंडकोशाची पिशवी एका बाजूला निळसर काळी पडते, सुजते. पोटामागच्या जागेत साठलेलं रक्त पाझरत किंवा अजून बंद न झालेल्या मार्गाने खाली उतरलेलं असतं. पण प्रथमदर्शनी शंका येते ती वृषणाला पीळ पडल्याची, आणि ती शंका आली की शस्त्रक्रियेची घाई होते. अशा बाळाच्या अंडकोशावर प्रोब ठेवून वृषणात रक्त खेळतं आहे हे पाहिलं आणि मग तोच प्रोब वर बरगडीखाली नेला, तर अनेकदा खरं कारण तिथे सापडतं. एक अनावश्यक शस्त्रक्रिया टळते.

पाणी की मांस?

सोनोग्राफी येण्यापूर्वी हे निदान मुख्यतः दोन वेळी व्हायचं: एक तर शवविच्छेदनात, नाहीतर कित्येक आठवड्यांनी एक्स-रेवर मूत्रपिंडाच्या वर कॅल्शियमची कडी दिसल्यावर. मधल्या काळात शिरेतून औषध टोचून मूत्रपिंडाचे एक्स-रे काढत आणि मूत्रपिंड खाली ढकललं गेलं आहे का, यावरून अंदाज बांधत. ढकलणारी गोष्ट रक्ताची गुठळी आहे की कॅन्सरची गाठ, हे कळायला बऱ्याचदा पोट उघडावं लागे.

इथेच ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचं काम आठवतं. डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ. धातूतल्या भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत ध्वनिलहरींचं यंत्र वापरतात, हे त्यांना माहीत होतं. 1955मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून ते बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. पाण्याने भरलेल्या गाठीतून एक प्रकारचे प्रतिध्वनी येत होते, घट्ट गाठीतून वेगळे. पुढे एका बाईला पोटाचा असाध्य कॅन्सर असल्याचं निदान झालं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राने ती पाण्याने भरलेली प्रचंड गाठ असल्याचं दाखवलं. अंडाशयाची ती गाठ काढली आणि बाई बरी झाली. जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांच्यासह डोनाल्ड यांनी लिहिलेला पोटातल्या गाठींवरचा निबंध 1958मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गर्भाच्या चित्रांमुळे सोनोग्राफी घराघरांत पोचली, पण तिचा पहिला मोठा उपयोग होता तो 'आत पाणी आहे की मांस' हे सांगण्याचा. अ‍ॅड्रिनलच्या रक्तस्रावात प्रश्न हाच असतो. फरक एवढाच की इथे उत्तर दिवसागणिक बदलतं.

प्रोबखाली काय दिसतं

बाळाची सोनोग्राफी करायला त्याला गुंगीचं औषध द्यावं लागत नाही, किरणोत्साराचा धोका नसतो, आणि एनआयसीयूतलं बाळ असेल तर यंत्रच त्याच्या पेटीपाशी आणता येतं. पोट भरलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि कोमट केलेलं जेल एवढी तयारी असली की काम होतं. थंड जेल लागलं की बाळ रडतं, पोट वरखाली होतं आणि चित्र हलतं. उजवी ग्रंथी पाहताना प्रोब बरगड्यांच्या बाजूने लावतात आणि यकृताच्या आरपार पाहतात. डावीकडे प्लीहेचा आधार घ्यावा लागतो. जठरातला वायू आडवा येतो, म्हणून ती बाजू जरा चिवट.

निरोगी नवजात ग्रंथी पडद्यावर उलट्या व्ही किंवा वाय अक्षरासारखी दिसते. बाहेर काळसर पट्टा, मध्ये पांढरी रेघ, पुन्हा काळसर पट्टा. काळसर ते बाह्यक, म्हणजे ग्रंथीचा बाहेरचा थर; पांढरं ते मध्यक, म्हणजे आतला गाभा. प्रत्येक बाहू दोन ते पाच मिलिमीटर जाड. मोठ्या माणसाच्या सोनोग्राफीत ही ग्रंथी शोधावी लागते; नवजात बाळात ती इतकी ठळक असते की नवख्या डॉक्टरला तीच चुकून मूत्रपिंड वाटू शकते.

रक्तस्राव झाला की ही अक्षराकृती हरवते. त्या जागी गोल किंवा तिकोनी गोळा दिसतो आणि तो मूत्रपिंडाला खाली दाबतो. पहिल्या दिवसांत ताजं गोठलेलं रक्त पांढरट, घट्ट दिसतं. आठवडा-दोन आठवड्यांत मधला भाग विरघळू लागतो, काळा पडतो. गोळ्यात पोकळ्या दिसतात. मग सगळाच गोळा पातळ होतो, आक्रसतो, त्याच्या कडेने कॅल्शियम साठतं. तीन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत केव्हातरी तो नाहीसा होतो किंवा बारीकसा चुनखडीचा ठिपका मागे ठेवतो. डॉपलर लावला तर गोळ्याच्या आत रक्तप्रवाह दिसत नाही, कारण तिथे रक्तवाहिन्याच नसतात, साठलेलं रक्त असतं.

कॅन्सरची शंका

पहिल्या दिवसांतल्या त्या पांढरट, घट्ट गोळ्याचं रूप आणखी एका आजाराशी जुळतं: न्यूरोब्लास्टोमा. अ‍ॅड्रिनलच्या मध्यकातून आणि त्या जातीच्या मज्जापेशींतून होणारा हा लहान मुलांचा कॅन्सर. गोळ्यात रक्तप्रवाह दिसला, तो पातळ होण्याऐवजी वाढत गेला, यकृतातही डाग दिसले, लघवीत कॅटेकोलामाइनचे घटक वाढलेले आढळले, तर संशय बळावतो. पण यातली एकही खूण पहिल्याच दिवशी निर्णायक नसते. काही न्यूरोब्लास्टोमांच्या आतही रक्तस्राव होतो, काही पाण्याने भरलेले असतात, आणि लघवीची तपासणी नवजात बाळात निगेटिव्ह येऊनही गाठ असू शकते.

अशा वेळी पूर्वी शस्त्रक्रियेकडे कल असे. हळूहळू लक्षात आलं की तान्ह्या बाळांचा न्यूरोब्लास्टोमा मोठ्या मुलांच्या आजारासारखा वागत नाही. 1963मध्ये बेकविथ आणि पेरिन यांनी इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दर दोन-अडीचशे बाळांमागे एकात त्यांना न्यूरोब्लास्टोमासारखी बारीक गाठ सापडली. प्रत्यक्ष आजार होणारी मुलं याच्या कितीतरी पट कमी असतात. म्हणजे त्यातल्या बहुतेक गाठी आपोआप विरून जात असल्या पाहिजेत.

मग अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कोलॉजी ग्रुपने धाडस केलं. सहा महिन्यांच्या आतली, अ‍ॅड्रिनलमध्ये लहान गाठ असलेली बाळं घेतली आणि ठरावीक अंतराने सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करत नुसतं लक्ष ठेवलं. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 87 बाळं होती. 83 जणांच्या पालकांनी लक्ष ठेवण्याचा मार्ग निवडला. त्यातल्या 81 टक्के बाळांना शस्त्रक्रिया लागली नाही, आणि तीन वर्षांनंतर सगळी बाळं जिवंत होती. गोळा रक्ताचा असो की लहानशा न्यूरोब्लास्टोमाचा, सुरुवातीचे काही आठवडे बाळ स्थिर असेल तर थांबून पाहणं सुरक्षित आहे, हे यातून पक्कं झालं. पहिली सोनोग्राफी प्रश्न विचारते. उत्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सोनोग्राफीत असतं.

मग सगळ्याच बाळांची का नको?

सोनोग्राफी निर्धोक आहे, वेदना नाहीत, तर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या अ‍ॅड्रिनल का तपासू नयेत? हा विचार नवा नाही. ऑस्ट्रियाने 1992पासून आणि जर्मनीने 1996पासून प्रत्येक बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी सुरू केली. तिथे उपयोग उघड आहे: खुबा सांध्यात नीट बसलेला नसेल तर वेळेवर पट्टा लावता येतो आणि पुढचं लंगडणं टळतं. अ‍ॅड्रिनलच्या रक्तस्रावाचं तसं नाही. वर्षाला 20,000 बाळंतपणं होणाऱ्या एखाद्या जिल्ह्याचा हिशेब करा. हजारी दोन या दराने 40 बाळांत रक्तस्राव सापडेल. त्यातल्या बहुतेकांना कोणताच उपचार लागणार नाही. तो आपोआप विरेल. पण 40 कुटुंबांच्या हाती 'अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ' असा रिपोर्ट पडेल, प्रत्येकाला दोन-तीन फेऱ्या पडतील, आणि त्यातल्या काहींना रक्त, लघवी, एमआरआय यांचा फेराही चुकणार नाही.

जपानने याच अवयवाबाबत हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. 1980च्या दशकाच्या मध्यापासून तिथे सहा महिन्यांच्या प्रत्येक बाळाची लघवी न्यूरोब्लास्टोमासाठी तपासली जाई. गाठी पुष्कळ सापडू लागल्या, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्या, सापडलेली मुलं उत्तम जगली. योजना यशस्वी वाटत होती. मग कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने आणि जर्मनीने तपासलेली मुलं आणि न तपासलेली मुलं यांची तुलना केली. एकट्या जर्मनीतच सुमारे 15 लाख मुलं तपासली गेली. दोन्ही निष्कर्ष 2002मध्ये आले: तपासणीमुळे या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नव्हते. सापडत होत्या त्या मुख्यतः आपणहून विरणाऱ्या गाठी. जीवघेण्या गाठी बहुतेक वेळा तपासणीच्या हाती लागत नव्हत्या. जपानने 2003मध्ये ही तपासणी थांबवण्याचा निर्णय घेतला. ज्यांना उपचारांची गरजच नव्हती अशा काही बाळांनी तोपर्यंत औषधांचे दुष्परिणाम भोगले होते.

त्यामुळे जोखमीची बाळं निवडून तपासणं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. बाळंतपण अवघड गेलेलं मोठं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, कारण न सापडणारी आणि लांबलेली कावीळ, अचानक उतरलेलं हिमोग्लोबिन, पोटात हाताला लागणारा गोळा, निळसर पडलेला अंडकोश: यातलं काही दिसलं की सोनोग्राफी करावी, आणि करताना दोन्ही बाजू पाहाव्यात.

अशी निवड करायची तर बाळ पाहणारी नजर हवी, आणि ती नेहमी तज्ज्ञाचीच असायला हवी असं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या कामाचा निबंध 1999मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पुढे देशाने ती पद्धत उचलली. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. चौदाव्या दिवशीही बाळाचे डोळे पिवळे असतील, बाळ फिकट आणि मलूल असेल, तर त्याला दवाखान्यात धाडण्याचं काम त्या भेटीतून होतं. सोनोग्राफीचं दार अशा बाळांसाठी तिथून उघडतं.

वाट पाहायची, पण डोळे उघडे ठेवून

एका बाजूला रक्तस्राव झालेल्या बहुतेक बाळांना फक्त काविळीचे उपचार, क्वचित रक्त, आणि पुन्हा सोनोग्राफी एवढंच लागतं. पहिली फेरतपासणी साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी, मग महिन्याच्या अंतराने, गोळा विरेपर्यंत. गोळा पातळ होतो आहे, लहान होतो आहे, एवढं दिसलं की न्यूरोब्लास्टोमाची शंका मागे पडते. तो तसाच राहिला किंवा वाढला, तर बालशल्यचिकित्सक आणि कॅन्सरतज्ज्ञ यांच्याकडे जायचं.

दोन्ही बाजूंना रक्तस्राव असेल तर मात्र नुसती वाट पाहून चालत नाही. अ‍ॅड्रिनलमध्ये तयार होणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडायला ग्रंथींचा 90 टक्क्यांहून जास्त भाग निकामी व्हावा लागतो, त्यामुळे हा प्रसंग विरळा. पण आला तर जिवावर बेततो. बाळ दूध ओढत नाही, वारंवार उलटी करतं, अंग सैल सोडतं, साखर आणि सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, रक्तदाब पडतो. हायड्रोकॉर्टिसोन वेळेत दिलं तर बाळ सावरतं. म्हणून दुहेरी रक्तस्रावात कॉर्टिसॉलची तपासणी लक्षणांची वाट न बघता करतात.

पालकांनी एक साधी गोष्ट जपावी. पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर गोळ्याची तिन्ही मापं, बाजू आणि डॉपलरचा शेरा आहे ना, हे पाहून घ्यावं. शक्य असेल तर पुढची तपासणी त्याच डॉक्टरांकडे करावी, नाहीतर आधीची चित्रं बरोबर न्यावीत. 'गाठ आहे' एवढ्याच ओळीवरून ती आटते आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. बाळ पूर्ण बरं झाल्यावरही ती फाइल रद्दीत घालू नये. दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा एक्स-रे काढला आणि मूत्रपिंडाच्या वर कॅल्शियमचा ठिपका दिसला, तर त्याचा उलगडा त्या फाइलमधल्या चार कागदांनी होतो आणि मुलाच्या पुढच्या तपासण्यांची यादी तिथेच थांबते.